नव्या भाताच्या मागोमाग: चरीपासून मसुऱ्यापर्यंत

वसुबारस

भाऊच्या धक्क्यावरून रोरो बोटीने मांडव्याला उतरले आणि तिथून पोयनाडच्या बाजूला वळले. दिवाळी करायची होती मालवण तालुक्यात, मैत्रिणीच्या माहेरी. भात घरात येताना तिथे काय काय करतात ते मला सगळं बघायचं होतं. पण त्याआधी चरी गाठायचं होतं. कोकणातल्या भाताच्या राशीबद्दल बोलायचं आणि चरीला न जाता पुढे सरकायचं, हे मला पटत नाही.

अलिबाग तालुक्यातलं हे छोटं गाव. 27 ऑक्टोबर 1933 रोजी इथे सभा भरली आणि आसपासच्या 25 गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोताची, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही. पुढारी होते नारायण नागू पाटील. तारीख नीट बघावी. ऑक्टोबरची अखेर म्हणजे भात पिकून उभं असण्याचे दिवस. वर्षभर राबून आणलेलं पीक खळ्यावर आलं की त्यातला निम्मा वाटा, अर्धेल, खोताकडे जायचा. वर वेठबिगार होतीच. ज्या रानात आपण चिखल तुडवला, तिथलं धान्य मापताना आपल्याच खळ्यावर हात जोडून उभं राहायचं. ते पुढे करायचं नाही, असं या माणसांनी ठरवलं. संप 1939 पर्यंत चालला. जमिनी ओस पडल्या, लोकांनी लाकडं विकली, मासळीवर दिवस काढले, पण नांगर धरला नाही. मधल्या काळात, 1937 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती 1949 नंतर, आणि कुळकायद्यामुळे कसणारी कुळं 1 एप्रिल 1957 पासून जमिनीची मालक मानली गेली.

गावाबाहेर एका शेतात कापणी चालली होती. बांधावर एक आजोबा बसले होते, वय ऐंशीच्या पुढचं. संपाचं त्यांनी स्वतः पाहिलेलं काही नव्हतं, पण वडिलांकडून ऐकलेलं होतं. ते म्हणाले, "बाय, तुम्ही दिवाळी बघायला निघाल्या ना? आमच्या आज्याच्या घरात त्या सालांत दिवाळीला पोहे नव्हते. कंद उकडून खाल्ले." एवढं सांगून ते पुन्हा पेंढ्या मोजायला लागले.

संध्याकाळी गावात सवत्स गाईची पूजा झाली. पनवेलहून रात्रीची गाडी धरली.

धनत्रयोदशी

उजाडलं तेव्हा गाडी राजापूरच्या पुढे होती. रुळांच्या दोन्ही अंगांना कोकणातली भातशेती अशी दिसते की एका नजरेत पूर्ण मोसम वाचता यावा. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात केव्हाच कापून झालेलं, तिथे नुसते खुंट. मधल्या मुदतीचं निमगरवं कापून आडवं पडलेलं, पेंढ्या बांधायच्या बाकी. खोल मळ्यांतलं उशिरा पिकणारं गरवं अजून उभं, पिवळंधमक. आणि मध्ये मध्ये, दरवर्षी थोडे वाढत जाणारे, पुरुषभर गवताचे चौकोन. ती पडीक शेतं. मालक मुंबईत, वाटण्या न झालेल्या, बांध फुटलेले.

कणकवलीला उतरून एसटीने मसुऱ्याकडे निघाले. गड नदीच्या काठच्या एका वाडीत मैत्रिणीचं माहेर आहे. घरात तिची आई, म्हणजे माझी काकी, भाऊ, वहिनी आणि दोन मुलगे.

दारात शिरतानाच मान वर गेली. चौकटीवर नवं बांधलेलं होतं. कोजागरीला, म्हणजे नवान्न पौर्णिमेला, हे बांधतात. आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरीची काडी, कुरडूचा तुरा आणि झेंडू धरून त्याची जुडी करायची. ती आधी देवळात, मग घराच्या चौकटीला, तुळशीला, विहिरीला, गोठ्याला, धान्याच्या कणगीला. भावाच्या मोटरसायकलच्या हँडललाही एक होती. पंधरवड्यात पानं वाळून तपकिरी झाली होती, लोंब्यांतले दाणे मात्र जागेवर होते. पुढच्या कोजागरीपर्यंत ती तशीच राहणार.

समोरच्या घरालाही नवं होतं, पण त्या घराची शेती बंद होऊन बरीच वर्षं झाली. काकीला विचारलं.

"बाजारात जुडी मिळता आता," काकी म्हणाली. "पैशे देवचे आणि बांधूची. पूर्वी कोण इकत घेय नाय. लोंबी आपल्याच मळ्यातली होयी."

तिच्या आवाजात निंदा नव्हती, खंत होती, आणि मला ती रास्त वाटते. नवं हे शेताने घराला दिलेलं पहिलं माप आहे. शेत नसलेल्या घराने ते बांधावं, जरूर बांधावं, पण पुढेमागे सगळ्याच दारांवर विकतची जुडी आली तर ती कोणत्या मळ्यातून आणायची?

दुपारभर पोहे. वाडीतली बहुतेक घरं आता भात गिरणीवर नेतात आणि दिवाळीच्या आधी गिरणीवर मोठी रांग लागते. काकीने मात्र चार पायल्यांतलं थोडं भात घरात कांडायला ठेवलं होतं. ते आधी भिजत घालून निथळवलेलं होतं. चुलीवर मोठ्या कढईत मूठमूठ टाकून भाजायचं, दाणे तडतडायला लागले की तसंच गरम गरम व्हायनात, म्हणजे उखळात ओतायचं आणि दोघींनी आळीपाळीने मुसळ चालवायचं. वेळ घालवून चालत नाही. भात निवलं की दाणा चेपत नाही, त्याची कणी होते. म्हणून एक भाजणारी, दोन कांडणाऱ्या आणि एक पाखडणारी अशा चौघी लागतात. त्यात एक मी. वहिनीच्या मुसळाशी ताल जुळायला मला बराच वेळ लागला, पण एकदा जुळल्यावर हात आपोआप चालू लागला. सुपातून कोंडा उडाला आणि खाली राहिले ते जाडे, लालसर, कडेला थोडे फाटलेले पोहे. भात वालय जातीचं होतं, इथलं जुनं लाल भात. मोठ्या मळ्यात भाऊ 'रत्नागिरी 24' आणि 'जया' लावतो, कारण उतारा जास्त. पण पोह्यांसाठी आणि पेजेसाठी एक कोपरा वालयचा राखलेला आहे, आणि तो कोपरा काकीचा.

नरक चतुर्दशी, अर्थात चावदिवस

पहाटे साडेचारला काकीने उठवलं. तेल, उटणं, अंघोळ, आणि ओल्या केसांनी सगळे तुळशीपुढे. तुळशीच्या पायथ्याशी प्रत्येकाच्या नावाचं एकेक कारीट ठेवलेलं होतं. हे रानवेलीचं अंड्याएवढं हिरवं फळ, चवीला कडूजहर. डाव्या पायाच्या अंगठ्याने ते फोडायचं, "गोविंदा, गोविंदा" अशी आरोळी ठोकायची, रस बोटाने जिभेला लावायचा आणि बी कपाळाला. आमची आरोळी संपते न संपते तोच शेजारच्या घरातून आली, मग नदीकडच्या घरांतून, मग पलीकडच्या वाडीतून. काळोखात कुठे किती घरं जागी आहेत ते त्या आवाजांवरून कळत होतं.

नरकासुराच्या वधाची कथा सगळ्या महाराष्ट्रात सांगतात. इथे त्या कथेइतकंच महत्त्व आहे ते कडूच्या नंतर येणाऱ्या पानाला. कारिटाची चव जिभेवर असतानाच नव्या भाताचे पोहे वाढतात. केळीच्या पानावर गोडे पोहे, गूळ आणि ओल्या खोबऱ्याचे. तिखट पोहे. दुधातले पोहे. दह्यातले पोहे, वरून मिरचीची फोडणी. कांदेपोहे. बाजूला काळ्या वाटाण्याची उसळ, आणि काकीच्या हातची बटाट्याची भाजी. लाडू-करंज्या ताटात नव्हत्याच. त्या डब्यात होत्या, मुंबईहून येणाऱ्यांसाठी.

खाण्याआधी काकीने पाच ठिकाणी पोहे काढले. देवापुढे, तुळशीपाशी, गोठ्यात, एक वाटी आजोबांच्या फोटोसमोर आणि एक पान झाकून बाजूला. शेवटचं कोणासाठी, असं विचारायच्या आतच अंगणातून हाक आली. देवळाचे गुरव आले होते. ते बसून खाऊन गेले, त्यांच्यामागे शेजारची मुलं, मग दोन गडी, मग समोरच्या घरातली एकटी राहणारी आजी. चावदिवसाला एका घरचे पोहे खाऊन कोणी थांबत नाही. घरोघर जायचं, प्रत्येक घरी चार घास तरी खायचे. दुपारपर्यंत मी सात घरचे पोहे खाल्ले. त्यातल्या दोन घरचे गिरणीचे पांढरे पातळ पोहे होते आणि एका घरचे पाकिटातले. त्या पाकिटवाल्या घरच्या काका-काकूंनी ज्या आग्रहाने वाढलं, त्यावरून सण अजून जिवंत आहे हे पटतं. पण जिभेला फरक कळतो, आणि तो सांगितला पाहिजे. घरच्या पोह्याला भाजलेल्या तुसाचा वास असतो.

अमावास्या

आज खळं. लक्ष्मीपूजन संध्याकाळी, पण सकाळ हातची सोडता येत नव्हती, कारण पश्चिमेला ढग होते. कोकणातल्या शेतकऱ्याला दिवाळीतले ढग आता ओळखीचे झालेत. 2019 साली ऐन दिवाळीत क्यार वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि कापून ठेवलेलं भात शेतातच भिजलं. भावाने सांगितलं, त्या वर्षी पेंढ्या उचलल्या तर लोंब्यांना हिरवे कोंब आले होते, आणि गुरांनीही तो पेंढा तोंडात धरला नाही.

खळं शेणाने सारवून घट्ट केलेलं. पूर्वी मधोमध तिवडा, म्हणजे खांब रोवून भोवती बैल फिरवत. आता बैल नाहीत. थोडं भात यंत्रावर मळलं आणि वालय मात्र हाताने झोडलं. आडव्या ओंडक्यावर पेंढी आपटायची, तीनचार फटक्यांत दाणे मोकळे होतात आणि पेंढा अखंड राहतो. अखंड पेंढा हवा असतो तो गुरांच्या वैरणीला आणि बी साठवायची मुडी वळायला. यंत्रातून निघालेला पेंढा मोडतो. माझे तळवे तासाभरात लाल झाले आणि हातांना कूस लागून खाज सुटली. काकीने खोबरेल दिलं आणि पुन्हा पेंढी हातात दिली.

अकराच्या सुमारास वारा धरून वारवणी झाली आणि रास तयार झाली. सगळ्यांनी पायातलं काढलं. राशीवर झेंडू, हळदकुंकू, एक नारळ. भावाने पायली हातात घेतली, भरली, वरून हाताने सपाट केली आणि पोत्यात ओतताना म्हणाला, "लाभ." एक म्हणायचं नाही. मापणी 'लाभ'ने सुरू होते, मग दोन, तीन, चार. मोजणी संपेपर्यंत कोणी दुसरं बोललं नाही, मुलंही गप्प.

पहिल्या मापांतून वाटे निघाले. देवळाचा. गुरवाचा. कोयत्यांना धार लावून देणाऱ्या लोहाराचा. पूर्वी सुतार, कुंभार, न्हावी असे सगळे बलुतेदार खळ्यावर येत आणि भाताच्या मापाबरोबर पेंढ्याही नेत. आता बहुतेकांचा हिशोब पैशांत चालतो, तरी लोहाराच्या घरी पायलीभर भात आजही जातं. मुलाने ते सायकलवरून नेऊन दिलं.

मला राहून राहून चरीचं खळं आठवत होतं. तिथेही पायली हीच, रासही हीच, वाटेही निघत. एक वाटा मागून घेतला जात होता आणि बाकीचे आपण होऊन दिले जात होते, हा सगळा फरक त्या सहा वर्षांच्या संपात आहे. काकीचे आजोबाही खोताचं कूळ होते. तिने ते एका वाक्यात सांगितलं, "निम्म्या भाताचे गाडे जायत, आणि आये दारात उबी ऱ्हवान बघी," आणि ती बियाण्याचं भात वेगळं करायला लागली.

चार वाजता पाऊस आला, जेमतेम वीस मिनिटं. तोवर पोती पडवीत आली होती. रात्री लक्ष्मीपुढे पैशांच्या जोडीला भाताने भरलेली पायली ठेवली होती.

पाडवा

हा दिवस गुरांचा. मुलांनी काल सांजवेळीच कारिटं गोळा करून ठेवली होती. सकाळी अंगणात शेणाचा छोटा गोठा केला, त्याला शेणाच्याच भिंती, आत शेणाचा कृष्ण आणि गवळी. कारिटाला काड्यांचे चार पाय लावले की गाय, दोन काड्या शिंगांच्या ठिकाणी टोचल्या की बैल. धाकट्याने एक वासरू केलं, त्यासाठी सगळ्यात लहान कारीट शोधायला तो पुन्हा वेलीपर्यंत जाऊन आला.

खऱ्या गोठ्यात दोन गाई. अंगाने लहान, पायांनी काटक, तांबूस. कोकणातल्या या गाईंना 2018 साली 'कोकण कपिला' या नावाने स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली. दूध बेताचंच, पण चढउताराच्या रानात आणि धोधो पावसात टिकून राहणारी ही जात आहे. त्यांना धुतलं, शिंगांना गेरू लावला, गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या, ओवाळलं. मग नव्या तांदळाचे घावणे आणि शिजवलेला भात पुढे केला. घरात पाडव्याचं जेवण त्यानंतर. "वर्सभर त्यांच्या शेणार शेती, मगे पयलो घास त्यांचो," वहिनी म्हणाली.

गुरं सोडली ती थेट कापलेल्या मळ्यात. भात उभं असेतो बांधावर गुराखी हवाच. कापणी झाली की मळे सगळ्यांच्या गुरांना मोकळे. ही पद्धत जुनी आणि शेजारधर्माची, पण आता तिच्यामुळे एक पेच पडलाय. ज्याला भातानंतरच्या ओलीवर कुळीथ किंवा पावटा करायचा आहे, त्याला एकट्याने सगळ्या शेताला कुंपण घालावं लागतं. सगळे पेरत होते तेव्हा सगळे राखतही होते.

संध्याकाळी भाऊ आणि वाडीतले चार पुरुष मळ्याच्या कोपऱ्यावरच्या राखणदाराकडे, म्हणजे शेत राखणाऱ्या देवाकडे निघाले. मीही मागे गेले. मोठं झाड, त्याखाली एक पाषाण. नारळ ठेवला आणि वाडीतल्या वडीलधाऱ्या तात्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"ह्या वर्साचा जा काय पीक घरात इला, त्येचो हो नारळ तुझ्या पायाशी ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे..."

"होय म्हाराजा!"

"चुकलामाकला पदरात घे, गुराढोरांची, लेकराबाळांची राखण कर..."

"होय म्हाराजा!"

मग तात्यांनी वाडीतल्या मुंबईकर घरांची नावं एकेक करून घेतली. ज्यांची शेतं पडीक आहेत, त्यांचीही. राखण त्यांच्याही जमिनीची मागितली. नारळ फोडून तिथेच सगळ्यांत वाटला.

मधले दिवस

भाऊबीज झाली, पाहुणे परतले. गरव्या भाताची कापणी, भारे, झोडणी, वारवणी, पुन्हा तेच. पोती कणगीत रिकामी झाली, बियाण्याच्या मुड्या वळून आढ्याला टांगल्या. एक दिवस आंगणेवाडीला भराडीदेवीच्या देवळात जाऊन आले. तिच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. शेतीची कामं हातावेगळी झाल्यावर देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. लाखोंची जत्रा, पण वेळापत्रक अजून शेतकऱ्याचंच.

तुळशीचं लग्न

द्वादशीच्या संध्याकाळी वृंदावन रंगवून झालं. त्यात ऊस आणि दिंड्याची काठी रोवली, आवळ्याची आणि चिंचेची डहाळी बांधली. भटजी वाडीत एका टोकापासून निघतात, त्यामुळे प्रत्येक घरचं लग्न वेगळ्या वेळेला लागतं आणि सगळ्यांना सगळ्यांच्या लग्नाला हजर राहता येतं. अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता. त्या अक्षताही नव्या तांदळाच्या. मग चुरमुरे, गूळ, खोबरं आणि उसाचे करवे. मुलं खिसे भरत पुढच्या अंगणात पळाली.

इथून जत्रा सुरू होतात. गावोगावच्या देवळांत दहीकाला, आणि रात्रभर दशावतार. पावसाळाभर चिखलात राबलेले कितीतरी हात आता राजे-राक्षसांचे मुकुट बांधतील. रंगायला मोसम मे महिन्यापर्यंत आहे.

आमच्या अंगणात मात्र लग्न लागल्यावरही माणसं बसून राहिली होती. समोरच्या घरातल्या आजीचा पुतण्या लग्नासाठी मुंबईहून आला होता. त्यांच्या पडीक मळ्याचा विषय निघाला. भाऊ म्हणाला, बांध मी घालतो, गवत मी काढतो, जूनमध्ये लावणी करतो. पुतण्याने वाटा काय द्यायचा ते विचारलं. भावाने डोकं हलवलं. वाटा नको. तुमच्या आजीला वर्षाचं पेजेचं तांदूळ मी देतो आणि कोजागरीला लोंब्या. पुतण्या जरा वेळ आजीकडे बघत राहिला, मग हो म्हणाला, पण एका अटीवर. लावणीला तो सुट्टी काढून येणार.

"बी खयचा घालतलास?" आजीने भावाला विचारलं.

आढ्याकडे बोट दाखवत काकीच बोलली, "वालय घाला. दोन पायल्यो मी देतंय." आणि पुतण्या सवाईने, म्हणजे सव्वापट परत करायची भाषा करू लागला तशी तिने त्याला थांबवलं. "सवाई नको रे. दोन नेवचे, दोन हाडून देवचे. आणि मुडी सोडलंस काय पेंढो टाकू नको, गोठ्यात आणून दी."